पाटी नवी, यादी जुनीच

चंडीगडच्या उत्तर टोकाला, शिवालिकच्या टेकड्या जिथे दिसू लागतात तिथे, ल कॉर्बुझिएने आखलेले कॅपिटॉल संकुल आहे. एका बाजूला विधानभवन, मध्ये काँक्रीटचे भलेमोठे मोकळे पटांगण आणि पलीकडे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालय. विधानभवन एकच, पण त्यात दोन राज्यांच्या विधानसभा भरतात. नोव्हेंबर २०२० मध्ये हरियाणाच्या विधानसभेने इथे एक कायदा संमत केला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खासगी उद्योगांनी ठरावीक पगारापर्यंतच्या ७५ टक्के जागा हरियाणाचा अधिवास असलेल्यांनाच द्यायच्या, असा तो कायदा. पगाराची मर्यादा आधी महिना ५० हजार होती, पुढे ३० हजार झाली. जानेवारी २०२२ मध्ये तो लागू झाला. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी पटांगणापलीकडच्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

त्याच २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली होती. ३१ जुलैला नूह जिल्ह्यात धार्मिक मिरवणुकीच्या वेळी हिंसाचार झाला आणि पाठोपाठ सरकारी बुलडोझर फिरू लागले. बेकायदा बांधकामे पाडतो आहोत, असे प्रशासन सांगत होते. न्यायमूर्ती गुरमीतसिंग संधावालिया आणि न्यायमूर्ती हरप्रीत कौर जीवन यांच्या खंडपीठाने पाडकाम थांबवले. कायदा-सुव्यवस्थेच्या आडून एका विशिष्ट समाजाच्या इमारती पाडल्या जात आहेत का, राज्य वांशिक निर्मूलन तर करत नाही ना, असा थेट प्रश्न त्यांनी आदेशात नोंदवला. तीन महिन्यांनी हरियाणाचा नोकऱ्यांचा कायदा रद्द केला तोही याच दोन न्यायमूर्तींनी. आणि २०२४ मध्ये तिसरे प्रकरण आले ते चंडीगडला लागून असलेल्या मोहाली जिल्ह्यातून. कुरालीजवळच्या मुंधों संगतियाँ या गावाने परप्रांतीय मजुरांना घरे भाड्याने देऊ नयेत, त्यांनी गाव सोडावे, असा ठराव केला होता. कारण दिले होते गावाच्या सुरक्षिततेचे.

ही तीन प्रकरणे एका मापाची नाहीत, हे आधी स्पष्ट करायला हवे. हरियाणाचा कायदा निवडून आलेल्या सभागृहाने केला होता, त्यामागे बेरोजगार तरुणांची खरी घुसमट होती आणि तो करणारे सगळे वंशद्वेष्टे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण तिन्ही ठिकाणी एक रचना सारखी आहे. वर पाटी लावलेली आहे ती कुणालाही मान्य होईल अशी: रोजगार, कायदा-सुव्यवस्था, गावाची सुरक्षितता. आणि पाटीखाली जी यादी आहे ती माणसाने काय केले यावर बेतलेली नाही, तो कुठे आणि कुणाच्या पोटी जन्मला यावर बेतलेली आहे. भारतीय संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान ही पाच कारणे एका ओळीत ठेवली आहेत. घटनाकारांना ठाऊक होते की भेदभाव करणारा एका कारणावरून दुसऱ्यावर सहज सरकतो. वंश म्हणायची लाज वाटली की तो जन्मस्थान म्हणतो, धर्म म्हणता येत नसेल तर संस्कृती म्हणतो.

ही लाज कुठून आली, ते पाहण्यासारखे आहे. शंभर वर्षांपूर्वी वंशवादाला पाटी बदलायची गरज नव्हती. तो विज्ञान म्हणून विद्यापीठांत शिकवला जात होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, पुढे ज्यांच्या सिद्धान्तांचा नाझींनी मनसोक्त वापर केला ते. कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध आहे आणि त्यातून गोऱ्यांची बौद्धिक श्रेष्ठता दिसते, हे इरावतीबाईंनी मोजमाप करून दाखवावे अशी अपेक्षा होती. त्यांनी कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध आढळत नाही असे प्रबंधात लिहून टाकले. परक्या देशातल्या विद्यार्थिनीने, पदवी ज्याच्या हातात आहे त्याच्याच संस्थेत बसून हे लिहावे, याबद्दल मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पुढे दुसरे महायुद्ध झाले, छळछावण्या उघड झाल्या, आणि १९५० मध्ये युनेस्कोच्या तज्ज्ञांनी वंशश्रेष्ठतेला शास्त्रीय आधार नसल्याचे निवेदन काढले. तेव्हापासून उघड वंशवाद सभ्य समाजात बोलण्याजोगा राहिला नाही. फिशर यांच्या जागी त्या संस्थेचे प्रमुख झालेले फेर्शुअर मात्र १९५१ मध्ये म्युन्स्टर विद्यापीठात मानवी आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. आनुवंशशास्त्र हे खरे आणि मोलाचे शास्त्र आहे. पण या माणसाला त्याच्या नावाखाली सन्मानाने परत येता आले.

राजकारणात पाटी बदलण्याचे हे काम जास्त विचारपूर्वक झाले. १९६८ पासून फ्रान्समध्ये आलँ द बेन्वा हे उजवे विचारवंत आणि त्यांच्या वर्तुळाने मांडणीच बदलली. आम्ही श्रेष्ठ आणि तुम्ही कनिष्ठ असे म्हणणे सोडून द्यायचे. प्रत्येक संस्कृती मोलाची आहे, प्रत्येकीला वेगळे राहण्याचा हक्क आहे, म्हणून प्रत्येकाने आपापल्या जागी राहावे, असे म्हणायचे. ऐकणाऱ्याला यात कुणाचा अपमान दिसत नाही. पण दुसऱ्याच्या देशात तीन पिढ्या राबलेल्या कुटुंबाला त्याचा अर्थ एवढाच की, तुम्ही निघा. २०११ मध्ये रनो काम्यू या फ्रेंच लेखकाने गोऱ्या लोकसंख्येची जागा बाहेरचे लोक घेत आहेत ही कल्पना पुस्तकरूपाने मांडली. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ माणसे मारणाऱ्याने आपल्या जाहीरनाम्याला त्या पुस्तकाचेच शीर्षक दिले होते. लोकसंख्येचा समतोल, ओळख, वारसा हे शब्द पुस्तकातून बंदुकीपर्यंत पोचायला आठ वर्षे लागली.

काही संघटना तर खरोखर नुसती पाटी बदलतात. ब्रिटनने डिसेंबर २०१६ मध्ये नॅशनल अॅक्शन या नवनाझी गटावर दहशतवादी म्हणून बंदी घातली. तेच लोक स्कॉटिश डॉन आणि एनएस १३१ अशा नावांनी पुन्हा उभे राहिले, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारला ही नावेही त्याच बंदीत घालावी लागली.

पंजाबला हे सारे दूरचे वाटायला नको, कारण अशा गुळगुळीत कायद्याचा सर्वांत कडू घोट पंजाबनेच घेतला आहे. सप्टेंबर १९०७ मध्ये व्हँकुव्हरमध्ये आशियाई लोकांच्या वस्तीवर दंगलखोर चालून गेले. आशियाई लोकांना हाकलण्यासाठी तिथे संघटनाच निघाली होती. ब्रिटिश साम्राज्याच्या प्रजेला साम्राज्याच्याच एका भागात यायला रंगावरून बंदी घातली तर हिंदुस्थानात असंतोष भडकेल, ही सरकारची अडचण होती. म्हणून जानेवारी १९०८ मध्ये कॅनडाने एक हुकूम काढला. आपल्या जन्मदेशातून किंवा नागरिकत्वाच्या देशातून, तिथेच काढलेल्या तिकिटावर, मध्ये न थांबता सलग प्रवास करून आलेल्यालाच प्रवेश मिळेल. त्यात हिंदुस्थानचे नाव नव्हते, शीख नव्हते, काळा-गोरा नव्हता. फक्त हिंदुस्थानहून कॅनडाला सलग जाणारी बोटच नव्हती.

२३ मे १९१४ रोजी कोमागाता मारू ही बोट ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात पोचली. तेव्हाच्या अमृतसर जिल्ह्यातल्या सरहालीच्या गुरदित्तसिंगांनी ती भाड्याने घेतली होती. बहुतेक प्रवासी पंजाबातले शीख, काही मुसलमान आणि थोडे हिंदू. आधीपासून तिथे राहणारे मोजके लोक सोडले तर कुणाला उतरू दिले नाही. किनाऱ्यावरच्या हिंदी लोकांनी पैसे उभे केले, वकील दिला, पण अपिलाच्या न्यायालयाने हुकूम वैध ठरवला. तिथे यादी वाचायला कुणी तयार नव्हते, पाटी वाचूनच निकाल लागला. दोन महिन्यांनी, २३ जुलैला, बोट माघारी धाडली गेली. सप्टेंबरअखेर ती कलकत्त्याजवळ बजबजला लागली तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात अनेक जण मेले. कॅनडाच्या संसदेत पंतप्रधानांनी माफी मागितली ती मे २०१६ मध्ये, १०२ वर्षांनी. आज त्याच कॅनडात पंजाबी माणसाकडे बोट दाखवून घरभाडे वाढले, नोकऱ्या गेल्या, हे लोक परत पाठवा, अशी भाषा पुन्हा ऐकू येते. आणि त्याच वेळी पंजाबातल्या काही गावांत बिहार-उत्तर प्रदेशच्या मजुराबद्दल नेमकी हीच वाक्ये बोलली जातात. हे पाहून मन विषण्ण होते.

आपल्या देशात या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार झाला तोही पंजाबच्याच निमित्ताने. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मसुदा वाचून मंडळ बिचकले, परिषद रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. त्या काळी जातिव्यवस्थेचे समर्थन दोन नव्या पाट्यांखाली चालले होते. एक पाटी श्रमविभागणीची: जात म्हणजे कामांची शहाणपणाने केलेली वाटणी. बाबासाहेबांनी दाखवले की इथे कामांबरोबर काम करणारी माणसेच एकावर एक अशी रचून ठेवली आहेत. दुसरी पाटी वंशशुद्धीची, त्या काळी फॅशनमध्ये असलेल्या सुप्रजननशास्त्राची. तिला त्यांनी साधे उत्तर दिले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परया हेही तसेच. मग जात कुठल्या वंशाचे रक्षण करते? पुढे आर्यसमाजी सुधारकांना त्यांनी जे सांगितले ते आजही तितकेच लागू आहे. गुणकर्मावर आधारलेले चातुर्वर्ण्य हवे असेल तर ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र ही जुनी नावे कशाला ठेवता? नाव तेच राहिले की लोक जन्मच पाहणार. नव्या आशयाला जुने नाव काय किंवा जुन्या आशयाला नवे नाव काय, दोन्हींत फसवणूक कशी होते हे ओळखणारी नजर तिथे आहे.

महाराष्ट्रालाही स्वतःकडे पाहावे लागेल. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली तेव्हा मराठी तरुणाला मुंबईच्या कचेऱ्यांत जागा मिळत नाहीत ही तक्रार खोटी नव्हती. पण त्याआधीपासून ‘मार्मिक’ या साप्ताहिकात कंपन्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत होत्या, आणि लुंगीवरून दिलेल्या घोषणा रोजगाराबद्दल नव्हत्या. पुढे दाक्षिणात्य माणूस यादीतून निघाला, उत्तर भारतीय आला. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या मुलांना मुंबईत मारहाण झाली, ती महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी केली. भूमिपुत्र हा शब्द चाळीस वर्षे तोच राहिला, शत्रू मात्र बदलत गेला. ज्या तक्रारीचा शत्रू इतक्या सहज बदलतो, ती तक्रार सोडवणे हा त्या राजकारणाचा हेतू उरलेला नसतो, असे मला वाटते.

मग लोक काय करतात? बहुसंख्य लोक गप्प राहतात आणि पाटी चांगली आहे म्हणून ती पुढे जाऊ देतात, हे मान्य करायला हवे. विशेषतः एखादा भयंकर गुन्हा घडतो तेव्हा. सप्टेंबर २०२५ मध्ये होशियारपूरला एका पाच वर्षांच्या मुलाचे अपहरण होऊन खून झाला आणि परप्रांतीय मजुराला अटक झाली. काळीज फाटावे अशी घटना. पण काही दिवसांत जिल्ह्यातल्या कित्येक पंचायतींनी सगळ्याच परप्रांतीयांविरुद्ध ठराव केले. गुन्हेगार एक, शिक्षा हजारोंना. ब्रिटनमध्ये २०२४ च्या जुलैअखेर साउथपोर्टला तीन लहान मुली मारल्या गेल्या तेव्हा हेच झाले. मारेकरी आश्रय मागायला आलेला मुस्लिम आहे अशी खोटी बातमी पसरली. प्रत्यक्षात तो कार्डिफला जन्मलेला होता. जमावांनी मशिदीवर आणि निर्वासित राहत असलेल्या हॉटेलांवर हल्ले केले. मुलांची सुरक्षितता ही पाटी सर्वांत बळकट असते, कारण तिच्याविरुद्ध बोलणारा निर्दय ठरतो.

तरीही लोक बोलतात. ७ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी आणखी हल्ल्यांची हाक होती, तेव्हा लंडनच्या वॉल्थमस्टोपासून अनेक शहरांत हजारो लोक रस्त्यावर येऊन उभे राहिले आणि हल्लेखोर बहुतेक ठिकाणी फिरकलेच नाहीत. जर्मनीत पॉट्सडॅमजवळ नोव्हेंबर २०२३ मध्ये अतिउजव्यांची एक गुप्त बैठक झाली. स्थलांतरित मुळाच्या लोकांना, त्यांतल्या नागरिकांनाही, देशाबाहेर घालवण्याची चर्चा तिथे ‘पुनःस्थलांतर’ अशा निरुपद्रवी नावाखाली झाली. जानेवारी २०२४ मध्ये करेक्टिव्ह या शोधपत्रकारांच्या गटाने ती उघड केली आणि पुढचे कित्येक आठवडे लाखो जर्मन नागरिक निदर्शने करत होते. तिथे भाषातज्ज्ञांचे एक मंडळ दर वर्षी सर्वांत घातक शब्द जाहीर करते. २०२३ साठी त्यांनी हाच शब्द निवडला.

हरियाणातले उदाहरण मात्र मला यांहून मोठे वाटते, कारण ते खेड्यातले आहे आणि तिथे कॅमेरे कमी होते. नूहच्या हिंसाचारानंतर महेंद्रगड, रेवाडी, झज्जर जिल्ह्यांतल्या अनेक पंचायतींच्या नावाने पत्रे निघाली. मुस्लिम फेरीवाल्यांना आणि व्यापाऱ्यांना गावात येऊ देऊ नये, असा त्यांचा आशय, कारण म्हणून शांतता आणि चोऱ्या. मजकूर जवळजवळ सारखाच होता. म्हणजे तो एकाच ठिकाणी तयार होऊन गावोगाव गेला असणार. प्रशासनाने सरपंचांना नोटिसा दिल्या. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हिसार जिल्ह्यातल्या बास गावी शेतकरी संघटना आणि खाप पंचायतींची महापंचायत भरली. तिथे जमलेल्या शेतकऱ्यांनी जाहीर केले की मुस्लिम फेरीवाल्यांना कुणी अडवणार नाही, अडवले तर आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू. २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात दिल्लीच्या सीमेवर मेवातचे, म्हणजे नूह परिसरातले, मुसलमान त्यांच्याबरोबर बसले होते, ही ओळख त्यामागे होती. वर्तमानपत्रातले अग्रलेख जे करू शकत नाहीत ते एकत्र खाल्लेल्या जेवणाने केले.

मोहालीनेही हे एकदा करून दाखवले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर काश्मिरी विद्यार्थ्यांना देशभर धमक्या येऊ लागल्या. अंबाल्याजवळच्या मुलाना गावात त्यांना चोवीस तासांत खोल्या रिकाम्या करायला सांगा, असे घरमालकांना बजावण्यात आले. पाटी देशभक्तीची होती. डेहराडून, अंबाल्याहून निघालेली ही मुले चंडीगड-मोहालीला आली. शीख स्वयंसेवकांनी त्यांच्या राहण्या-जेवण्याची व्यवस्था केली, खालसा एड या संस्थेने घरी पोचवायला गाड्या दिल्या. पंढरपूरच्या नामदेवाला गुरू ग्रंथसाहिबात ६१ पदांची जागा देणारा आणि घुमानला त्याचे स्मारक जपणारा हा समाज आहे. मुंधों संगतियाँसारखे ठराव त्याच समाजातून निघतात तेव्हा त्यांना पहिला विरोधही त्या समाजातूनच व्हायला हवा, आणि मजूर संघटनांच्या रूपाने तो होतोही.

न्यायालयांनी काय केले? हरियाणाच्या कायद्यावर निकाल देताना चंडीगडच्या खंडपीठाने रोजगाराच्या पाटीखालचे कलम पाहिले. राज्याला स्वतःला जे करायला संविधानाची मनाई आहे ते खासगी मालकाकडून करवून घेता येणार नाही, आणि एका राज्याने आपल्याभोवती भिंत घातली तर उद्या सगळीच घालतील, हा त्या निकालाचा गाभा. तरुणांची बेकारी त्या निकालाने संपली नाही, हेही खरे आहे. गुरुग्राम-मानेसरच्या कारखान्यांत कंत्राटी मजुराला कमी पैशांत राबवले जाते म्हणून बाहेरचा माणूस पसंत केला जातो. त्याचे उत्तर किमान वेतनाची कडक अंमलबजावणी हे आहे. तसे झाले तर बिहारचा मजूर स्वस्त उरणार नाही आणि रोहतकच्या मुलाला कुणी डावलणार नाही. पण या उत्तराने कारखानदार दुखावतो, आणि म्हणून कुठलाही पक्ष ते जोरात मागत नाही.

कायद्यात एक मोठी फट मात्र आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून खून केला तर त्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. म्हणजे जन्मस्थानावरून माणूस मारला तर कायदा त्याची नोंद घेतो. पण जन्मस्थानावरून त्याला खोली नाकारली, नोकरी नाकारली, तर खासगी घरमालकाला किंवा मालकाला जाब विचारणारा सर्वसाधारण कायदा देशात नाही. ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यांनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने २०१४ मध्ये वंशभेदाविरुद्ध नवी कलमे सुचवली होती; त्यासाठी वेगळा कायदा झालेला नाही. शशी थरूर यांनी २०१७ मध्ये भेदभावविरोधी खासगी विधेयक लोकसभेत मांडले. सभागृहाची मुदत संपली आणि ते बारगळले. ब्रिटनमध्ये काळ्या माणसांना खोली नाही अशा पाट्या घरांवर लागत होत्या, तिथे १९६८ मध्ये घर आणि नोकरीतला वंशभेद कायद्याने बंद केला. आपल्याकडे असा कायदा झाला तर मुंधों संगतियाँच्या ठरावासारख्या ठरावांना सुरुवातीलाच अडवता येईल, आणि मोहालीत खोली शोधणाऱ्या मजुराला किंवा मणिपूरच्या मुलीला उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ येणार नाही.